खांबांच्या रांगेत आवाज अडकतो का? (बारव, लेणी आणि केसिंग पाईप)

गोदातीर (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी,

एका व्याख्यानात ऐकलेली गोष्ट डोक्यातून जात नाही. सारख्या अंतरावर सारख्या जाडीचे खांब एका रांगेत उभे असतील, तर आवाजाची लहर त्या रांगेला धरून पुढे जाऊ शकते म्हणे. वर छत नको, बाजूला भिंत नको. दोन्हीकडं मोकळं रान असलं तरी लहर रांग सोडत नाही. पाईपातून, बोगद्यातून आवाज जातो ते समजतं, तिथं भिंती आहेत. पण जिच्यात नुसत्या फटीच फटी आहेत, त्या रांगेत आवाज अडतो कशानं?

मी परभणी जिल्ह्यातला. सारख्या अंतराच्या रांगांचा मराठवाड्यात तोटा नाही. वेरूळ-अजिंठ्याचे खांब, अंबाजोगाईचं बाराखांबी मंदिर, वालूरच्या बारवेच्या गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्या. यांतल्या एखाद्या ठिकाणी हा प्रकार आपल्या कानानं ऐकता येईल का? मला तर वाटतं, आपल्या जुन्या बांधकामांत हे कुठं ना कुठं घडतच असणार. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

बिंदुसरा

आमच्या भागातल्या एका बारवेत उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं, की खाली उतरून पायऱ्यांकडं तोंड करून टाळी वाजवायची. परत टाळी येत नाही, "च्यूंव" असा चिमणीसारखा आवाज येतो! लहानपणी आम्ही पोरं त्याच्यासाठीच उतरायचो. हेच का ते?

तेरणाकाठ

प्रतिध्वनी आहे हो सगळा. दगड कडक, आवाज आपटतो, परत येतो. विजापूरच्या गोल घुमटात एका टोकाला कुजबुजलं की पार पलीकडं ऐकू येतं, तेही हेच. उगाच अवघड नावं कशाला द्यायची?

मुक्ता_जिंतूर

तेरणाकाठ काका, नुसता प्रतिध्वनी असता तर टाळीची टाळीच परत आली असती. चिवचिव कामून येते मग? बिंदुसरा दादांनी सांगितलेलं मी चारठाण्याकडच्या एका बारवेत स्वतः ऐकलंय. सूर वरून खाली उतरत जातो, हे नक्की.

उदगीरचा_नाद

ध्वनिशास्त्र हे माझं रोजचं काम, म्हणून जरा लांबलचक लिहितो. इथं तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या गेल्यात आणि तिन्ही सुंदर आहेत.

आधी बारव. प्रत्येक पायरीची उभी कड टाळीचा थोडा थोडा आवाज परत पाठवते. पायऱ्या सारख्या, त्यामुळे हे बारके प्रतिध्वनी ठरावीक अंतरानं एकामागून एक कानावर येतात. ठरावीक अंतरानं येणारे ठोके पुरेसे जवळ आले की कानाला ते सूर म्हणून ऐकू येतात. पायरी ३० सेंटिमीटर रुंद असेल तर आवाजाला जाऊन-येऊन ६० सेंटिमीटर जास्त चालावं लागतं. सेकंदाला ३५० मीटर वेग धरा, म्हणजे सुमारे ५८० हर्ट्झ. खालच्या पायऱ्या कानासमोर, त्यामुळे त्यांचे ठोके जवळजवळ. वरच्या पायऱ्यांकडं जाताना वाट तिरकी होते, दोन ठोक्यांतलं अंतर वाढतं, सूर उतरतो. मुक्ताताईंनी बरोबर तेच टिपलंय. मेक्सिकोत चिचेन इत्झा इथल्या माया लोकांच्या पिरॅमिडसमोर टाळी वाजवली की असाच पक्ष्यासारखा आवाज येतो, त्यासाठी जगभरातून लोक जातात. आपल्या बारवा तेवढ्याच कौतुकाच्या आहेत.

याचा छडा पहिल्यांदा डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हॉयगेन्सनं लावला, १६९३ साली. फ्रान्समध्ये शांतिई इथल्या वाड्यात दगडी जिन्यासमोर कारंजं होतं. जिना आणि कारंजं यांच्या मध्ये उभं राहिलं की कारंज्याच्या खळखळाटात त्याला एक सूर ऐकू यायचा. त्यानं पायरीच्या रुंदीएवढी कागदाची नळी गुंडाळली, फुंकली, आणि सूर जुळला. हिवाळ्यात बर्फानं पायऱ्या झाकल्या की सूर गायब व्हायचा, हेही त्यानं नोंदवलं. केवढं साधं आणि केवढं पक्कं काम!

पण बारवेतला आवाज अडकलेला नाही, परत फिरलेला आहे. दुसरी गोष्ट गोल घुमटाची. तिथं लहर वक्र भिंतीला घासून घासून सरकते. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटावर इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी हे मांडलं, आणि आपल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला गोल घुमटासकट भारतातल्या घुमटांचा अभ्यास केला. त्याला अखंड, वळलेली भिंत लागते.

गोदातीर विचारतायत ती तिसरी गोष्ट. तिला रॅले-ब्लॉख लहर म्हणतात. पुढच्या प्रतिसादात लिहितो, घरून हाक येतेय.

गोदातीर

वाट बघतोय सर. हॉयगेन्सच्या नळीचं वाचून अंगावर काटा आला.

तिसरी_घंटा

तोवर थोडं अवांतर. मी एकांकिकांची ध्वनियोजना करतो. नाट्यगृहात मधल्या रांगांत बसलं की खर्जातला आवाज पातळ होतो, ढोलकीचा "धुम" पोचतच नाही. स्पीकर कितीही वाढवा. बाल्कनीत तोच आवाज भरदार लागतो. हा खुर्च्यांच्या रांगांचा परिणाम का?

उदगीरचा_नाद

तिसरी घंटा, अगदी बरोबर पकडलंत. १९६४ साली अमेरिकेत दोन गटांनी वेगवेगळं मोजून हेच दाखवलं. खुर्च्यांच्या रांगांवरून आवाज घासत जातो तेव्हा साधारण १०० ते ३०० हर्ट्झचा पट्टा खचतो. दोन रांगांमधली खाच स्वतः कंप पावते आणि वरून जाणाऱ्या आवाजाचा तेवढा भाग खाते. बाल्कनीत आवाज वरून सरळ येतो, खुर्च्यांना घासत नाही. त्यामुळे स्पीकर उंच टांगून तोंड खाली करा, बराच फरक पडेल.

आता मूळ प्रश्न. मोकळ्या हवेत सूर ठरला की तरंगलांबीही ठरते. ३५० हर्ट्झ म्हणजे १ मीटर, १७५ म्हणजे २ मीटर. ही गाठ सुटत नाही. खांबांच्या रांगेत मात्र हवेला प्रत्येक खांबाला वळसा घालून पुढं सरकावं लागतं. लहर मंदावते, आणि त्याच सुराची तरंगलांबी रांगेच्या दिशेनं आखूड होते. रांगेबाहेरची मोकळी हवा एवढी आखूड लहर त्या सुरात वाहून नेऊच शकत नाही. तिला लहर देऊ केली तरी ती घेत नाही. त्यामुळे खांबांपासून दूर जाताना दाब झपाट्यानं विझत जातो आणि ऊर्जा रांगेलाच धरून पुढं जाते. भिंतीचं काम हवा स्वतःच करते. मी हे पहिल्यांदा कागदावर सोडवलं त्या दिवशी रात्रभर झोप लागली नाही, इतकं ते देखणं वाटलं.

अट एक आहे. मोकळ्या हवेतली तरंगलांबी दोन खांबांमधल्या अंतराच्या दुपटीपेक्षा जास्त हवी. अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजायचं. खांब २ मीटरवर असतील तर वरची मर्यादा सुमारे ८७ हर्ट्झ. खांबाचा व्यास १ मीटर धरला, तर सगळ्यात घट्ट अडकणारी लहर ७७ हर्ट्झच्या आसपास येते. खांबांपासून दीडेक मीटर दूर गेलं की तिचा दाब एक तृतीयांशावर येतो. हे गणित कॅलन, लिंटन आणि इव्हान्स यांनी १९९१ मध्ये नळीतल्या एका खांबासाठी केलं होतं. रांगेला तेच लागू पडतं, कारण दोन खांबांच्या बरोबर मध्ये एक अदृश्य भिंत असल्यासारखीच हवा वागते.

तेरणाकाठ

म्हणजे वेरूळच्या खांबांत अडकला तरी तो ७०-८० हर्ट्झचा घुमारा. माणसाचा आवाज नाहीच. मग मी म्हणतो ते खरं, लेण्यात ऐकू येतो तो प्रतिध्वनीच.

उदगीरचा_नाद

लेण्यापुरतं तुमचं म्हणणं मान्य. चैत्यात खांबांच्या मागं अरुंद वाट आणि तिच्यामागं खडकाची भिंत, वर कमान. तिथं पूर्ण दालनाचा घुमणारा आवाज इतका मोठा असतो की रांगेची लहर वेगळी काढता येत नाही. वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेण्यात, सुतार की झोपडीत, छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्यात. तिथं मंत्र म्हटला की स्वर कितीतरी वेळ रेंगाळतो. ते दालनाचं देणं. शुद्ध स्वरूपात ही लहर हवी तर दोन्हीकडं मोकळं पाहिजे आणि अंतर नेमकं पाहिजे.

वेरूळवेडा

पण सर, नेमकेपणा तर तिथं आहे ना. डोंगर वरून खाली, समोरून आत कोरत जायचं, एक खांब चुकला तर परत लावता येत नाही, आणि तरी रांगेतले खांब एकमेकांशी जुळतात. अजिंठ्याचं १० क्रमांकाचं लेणं बघा, १८१९ मध्ये इंग्रज शिकाऱ्यांच्या नजरेला पडलं तेच. आत उभं राहिलं की रांग डोळ्यालाच ओढून नेते. आवाजाचा हेतू मनात होता की नव्हता, त्याला पुरावा लागेल. पण समान अंतर राखायची ही शिस्त नसेल तर तुमचं गणितही उभं राहत नाही.

उदगीरचा_नाद

१००% सहमत. अंतर कमीजास्त झालं की लहर प्रत्येक खांबाशी थोडी थोडी बाहेर सांडते.

लातूर_मोबाईलवाला

धागा भारी चाललाय. आमच्या धंद्यातला प्रश्न. मोबाईलच्या नेटवर्क सेक्शनमध्ये सॉ फिल्टर (सिग्नल गाळणारा बारका भाग) असतो. तो गेला की आम्ही बदलतो, नाहीतर जंपर मारून काम चालवतो. एका ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की त्याच्यात आवाजाची लहर फिरते. तेव्हा कुणीच विश्वास ठेवला नाही. याच्याशी संबंध आहे का?

उदगीरचा_नाद

अगदी जवळचा! सॉ फिल्टरमध्ये एका स्फटिकाच्या तुकड्यावर धातूच्या बारीक पट्ट्या फणीसारख्या समान अंतरावर छापलेल्या असतात. रेडिओचा सिग्नल फणीवर आला की स्फटिकाचा पृष्ठभाग थरथरतो आणि लहर पृष्ठभागावरून धावते. ती पृष्ठलहर रॅले यांनी १८८५ मध्ये गणितानं शोधली होती. व्हाइट आणि व्होल्टमर यांनी १९६५ मध्ये ही फणी वापरून ती जागवली. पट्ट्यांच्या अंतराशी जुळणारा सूर पुढं जातो, बाकीचे मरतात. अनेक फिल्टरांत दोन्ही टोकांना आणखी पट्ट्यांच्या रांगा असतात, त्या लहरीला मध्ये कोंडून ठेवतात. सूर मात्र शेकडो मेगाहर्ट्झचा, म्हणून पट्ट्या केसाहून कितीतरी बारीक. ट्रेनिंगवाल्यानं खरं सांगितलं होतं.

लातूर_मोबाईलवाला

आता दुकानात पोरांना सांगतो. रोज हातात धरायलेत आणि आत काय आहे माहीत नाही.

औंढेकर

आमच्या औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होतेय, २०२३ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. त्या गुरुत्वीय लहरी वेगळ्या, हे माहीत आहे. पण रांगांचं गणित तिथं कुठं लागतं का?

उदगीरचा_नाद

लागतं, आणि छान जागी लागतं. लायगोच्या आरशांवर दोन वेगळ्या पदार्थांचे थर आलटून पालटून चढवतात, प्रत्येक थर साधारण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या भागाएवढा. लेझर १०६४ नॅनोमीटरचा. एकेका थरावरून थोडा थोडा प्रकाश परत फिरतो आणि सगळे वाटे एका तालात जुळतात, म्हणून जवळजवळ सगळा प्रकाश परावर्तित होतो. नियमित माध्यमात लहर कुठल्या सुराला पुढं जाते आणि कुठल्या सुराला अडते, हे रॅले यांनी १८८७ मध्ये मांडलं. फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ मध्ये तेच स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनसाठी मांडलं. म्हणून दोघांचं नाव एका लहरीला.

औंढेकर

हिंगोली जिल्ह्याच्या वाट्याला आलेला आरसा आणि बारवेची पायरी एका घरातली निघाली. लई आनंद झाला.

बोरीचा_बाळू

लग्नाच्या वरातीत डीजेची भिंत येते, तिला अडवायला खांबांची रांग लावता येईल का? गल्लीतले सगळे वर्गणी देतील 😄

मुक्ता_जिंतूर

बाळू दादा, मी पहिली पावती फाडते! पण गंमत सोडली तर रस्त्याच्या गोंगाटाला काही करता येतं का सर? आमच्या शाळेच्या कडेनं हायवे गेलाय, वर्गात शिकवताना घसा बसतो.

उदगीरचा_नाद

एक रांग लहरीला धरून नेते. अडवायचं तर रांगांमागं रांगा, म्हणजे पूर्ण जाळी लागते. माद्रिदमध्ये एउसेबिओ सेम्पेरे या कलाकाराचं स्टीलच्या उभ्या नळ्यांचं शिल्प आहे, नळ्या एकमेकींपासून १० सेंटिमीटरवर. १९९५ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी त्यातून आवाज पाठवून मोजलं, तर १.६७ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज नळ्यांनी चांगलाच दाबला होता. ३४० भागिले ०.२ करून पाहा, १७०० येतं. कलाकृती म्हणून उभी केलेली वस्तू, आणि ती ध्वनिस्फटिक (ठरावीक सूर अडवणारी नियमित जाळी) निघाली! अशा जाळीतून नळ्यांची एक ओळ काढून टाकली, की अडलेला आवाज त्या मोकळ्या गल्लीतून निमूट जातो.

हायवेवर टायरचा गोंगाट १००० हर्ट्झच्या आसपास जास्त असतो, त्याला नळ्या १७-१८ सेंटिमीटरवर हव्यात. डीजेचा खर्ज ५० ते १०० हर्ट्झ, त्याला पावणेदोन ते साडेतीन मीटरवर आणि खांबही तसेच जाड. बाळूभाऊ, गल्लीत माणसाला चालायला जागा उरणार नाही.

शाळेसाठी मात्र सरळ सांगतो, आधी भरीव भिंत आणि खिडकीचं तावदान. ध्वनिस्फटिक ठरावीक पट्टाच दाबतो. वारा खेळता ठेवायचा असेल तिथं त्याचा उपयोग.

तेरणाकाठ

दुतर्फा लावलेली झाडं?

उदगीरचा_नाद

काका, खोडं विषम अंतरावर आणि अंतर काही मीटरांचं, त्यामुळे हा परिणाम मिळत नाही. सावलीसाठी, पाखरांसाठी जरूर लावावीत.

गोदातीर

एक शंका राहिली. मोकळी हवा लहर घेत नाही म्हणता. मग उलटही खरं असणार. दूर वाजणारा आवाज त्या रांगेत शिरणार कसा?

उदगीरचा_नाद

वा! या प्रश्नासाठी तुम्हाला भेटून हात मिळवायला हवा. नाहीच शिरत. रांग अनंत लांब असेल तर दुरून आलेला आवाज तिला स्पर्शून निघून जातो, ही लहर जागवू शकत नाही. आवाजाचं उगमस्थान रांगेच्या अगदी जवळ, खांबांमधल्या फटीत हवं, नाहीतर रांगेला टोक हवं. खऱ्या रांगेला टोकं असतातच. तिथून थोडी लहर आत येते, थोडी बाहेर गळते, आणि जुळणाऱ्या सुराला आत चांगलीच साठते. समुद्रात उभ्या खांबांच्या लांब रांगांवर मॅनिअर आणि न्यूमन यांनी १९९७ मध्ये काम केलं. तळापर्यंत गेलेल्या उभ्या खांबांना पाण्याच्या लाटांचं समीकरण आणि आवाजाचं समीकरण एकच. त्यांना दिसलं की एका ठरावीक लाटेला मधल्या खांबांवर एकट्या खांबाच्या कितीतरी पट जोर पडतो. समुद्रातले फलाट बांधणाऱ्यांना हे ध्यानात ठेवावं लागतं. गोदावरीच्या पुलाला ही भीती नाही. तेवढ्या लांब लाटा नदीत उठत नाहीत.

गच्चीवरचे_गुरुजी

आजवर फक्त वाचत होतो, आज लिहितो. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या महिन्यात हा धागा वाचून विद्यार्थ्यांना घेऊन शाळेच्या गच्चीवर प्रयोग मांडला. बोअर मारणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून केसिंगचे उरलेले तुकडे आणि प्लंबरकडून ११० मिलिमीटरचे पीव्हीसी पाईप मागायचं ठरलं होतं. केसिंग जाड आणि मापाला वेगवेगळे निघाले, म्हणून सगळे ११० चेच घेतले. कमरेएवढ्या उंचीचे वीसेक तुकडे, वरची तोंडं टोप्या लावून बंद, केंद्रापासून केंद्रापर्यंत २२ सेंटिमीटर. एका टोकाच्या फटीत छोटा स्पीकर, त्यावर मोबाईलमधून एक सूर, हळूहळू चढवत नेला.

खालच्या सुरांना विशेष काही नाही. सातशेच्या जवळ पोचताना दुसऱ्या टोकाजवळच्या फटीत कान लावला, तर आवाज स्पष्ट मोठा. तोच कान हातभर बाजूला नेला की आवाज गळून पडतो. आठशेच्या वर हा फरक नाहीसा होतो. मुलं रांग लावून ऐकत होती, एकेक जण दोनदोनदा. नाद सर, तुमच्या गणितात हे बसतं का?

उदगीरचा_नाद

गुरुजी, चोख बसतं. व्यास अंतराच्या निम्मा, म्हणजे वर दिलेलंच उदाहरण लहान मापात. मर्यादा ३५० भागिले ०.४४, सुमारे ७९५ हर्ट्झ. घट्ट अडकणारी लहर ७०४ च्या आसपास, आणि १५ सेंटिमीटर बाजूला गेलं की दाब एक तृतीयांश. पाईपांना वरून छत नाही तरी चालतं, कारण वरची हवासुद्धा तेवढी आखूड लहर घेत नाही. आकडा थोडा सरकेल, एवढंच.

एक सूचना. अगदी त्या टोकाच्या सुरावर लहर जवळजवळ जागीच थांबते, पुढं ऊर्जा नेत नाही. म्हणून लांबच्या टोकाला ऐकायचं तर सहाशे साठ-सत्तरपासून वर चढत जा. शिवाय तापमान लिहून ठेवा. एप्रिलच्या दुपारी ४० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३५५ मीटर, पौषातल्या पहाटे १२ अंशांना ३३९. तुमचा ७०४ चा सूर तेवढ्यात तीसेक हर्ट्झ खालीवर होतो. आपल्या हवेत हे मुलांना फार सुंदर दाखवता येईल.

मुक्ता_जिंतूर

गुरुजी, आमच्या शाळेतही करणार. ऐकताना मोबाईल नेमका कुठं धरायचा? पाईपाला चिकटवून?

उदगीरचा_नाद

दोन पाईपांच्या फटीत, मध्यावर. एका फटीत दाब वाढतो तेव्हा शेजारच्या फटीत घटतो, हवा पाईपाला वळसा घालून इकडून तिकडं जाते. पाईपाच्या बरोबर समोर, रांगेपासून जरा बाहेर धरलात तर दोन्ही फटींचा परिणाम एकमेकांना मारतो आणि काहीच मिळत नाही. दोन मोबाईल असतील तर शेजारच्या फटींत एकेक ठेवून एकाच वेळी ध्वनिमुद्रण करा आणि दोन्ही आलेख एकाखाली एक लावा. उलटसुलट दिसतील.

गोदातीर

गुरुजी, पाईपांची मापं आणि टोप्या कशा बसवल्या त्याचे फोटो इथं टाका. मी सेलूकडच्या दोन शाळांशी बोललोय, दिवाळीच्या सुट्टीआधी मांडायचं म्हणतात.

गच्चीवरचे_गुरुजी

टाकतो उद्या. टोप्या सोल्युशननं चिकटवू नका, नुसत्या दाबून बसवा, म्हणजे पाईप प्लंबरला परत देता येतात. आणि गच्चीवर वारा असेल तर सकाळी लवकर मांडा.

तेरणाकाठ

तुळजापूर भागात एखादी शाळा तयार असेल तर पाईपांचा खर्च माझ्याकडं. मुलांसोबत मलाही कान लावायचाय.